मारुतीचे शेपूट

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांचे कैवारी आक्षेपकांस नेहमी एकच उत्तर देतात : लोक पाहतात, म्हणून आम्ही कथा लांबवितो. हे अर्धसत्य आहे. जाहिरातीचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरतो. एकदा उभारलेला दिवाणखाना व तीच नटमंडळी जितकी वर्षे राबवावी, तितका दर भागाचा खर्च उतरतो. दर आठवड्यास नवी, स्वयंपूर्ण गोष्ट द्यावयाची तर नवे कथानक, नवी पात्रे व नवे स्थळ आलेच. तेव्हा शेवट म्हणजे तोटा, हे व्यापाराचे गणित आम्हांस समजते. त्यास लोकरुचीचे नाव देणे मात्र आम्हांस मान्य नाही. घरात कोणती वाहिनी चालू होती, एवढेच टीआरपी सांगते. ती गोष्ट पुन्हा पाहावीशी वाटेल काय, हे ती सांगत नाही.

'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली; तिचे तीन हजारांवर भाग झाले. आज ती पहिल्यापासून पाहावयास कोण बसेल? मधला एखादा भाग काढावा, तर त्यास आगा ना पीछा. उलट चिं. वि. जोश्यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने केलेल्या 'चिमणरावां'चा कोणताही भाग केव्हाही पाहावा. गोष्ट पुरी होते.

म्हणून क्रमशः कथाच त्याज्य, असे मात्र कोणी समजू नये. १९८७-८८ मधील 'रामायण' ही क्रमशःच होती. २८ मार्च २०२० पासून ती पुन्हा दाखविली गेली, तेव्हा घरोघर लोक तिच्यापुढे बसले. कारण तिला अंत आहे. आमच्या खानदेशास हे नवे नाही. अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' बेचाळीस रात्रींत सांगितली. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पुरी, आणि अखेरची रात्र खरोखर अखेरची. जळगाव-धुळ्याकडे चातुर्मासात पोथी लागते, तीही अध्यायाअध्यायानेच. पण समाप्ती होते, प्रसाद वाटला जातो, आणि म्हणूनच पुढील वर्षी तीच पोथी पुन्हा उघडते.

आमची मागणी साधी आहे. निर्मात्यांनी मालिकेचे भाग किती, हे आरंभीच जाहीर करावे व तो शब्द पाळावा. प्रेक्षक आपली रोजची सायंकाळ त्यांच्या हवाली करतो. ती किती काळ, एवढे विचारण्याचा अधिकार त्यास खास आहे.