सजवलेली गाडी सुरू का होत नाही?

वाचकहो, बारावीच्या परीक्षेचे दिवस होते. सकाळचे दहा वाजून गेले होते. आम्ही सात रस्त्याला कोपऱ्यावर चहा घेत उभे होतो. तेवढ्यात एक मोटारसायकल आमच्यासमोरच वळता वळता गपकन बंद पडली. चालवणारा विशीतला मुलगा. मागे परीक्षेचे पॅड छातीशी धरून बसलेली त्याची धाकटी बहीण.

पोरे आमच्याच वस्तीतली. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला, आई घरी विड्या वळते. दिवाळीच्या बोनसमधून पोराने गाडी सजवली होती. पुढे दोन जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाईल चार्जिंगचे सॉकेट आणि ढोलासारखा वाजणारा सायलेन्सर. चार हजार रुपये गेले. आईला मात्र त्याने दोन हजार सांगितले होते.

"काका, स्टार्टरच लागेना. पेट्रोल तर कालच टाकलंय," तो घामाघूम होऊन म्हणाला. बहिणीच्या डोळ्यांत पाणी. "दादा, साडेदहाला आत घेतात रे. मी पळत जाऊ का?"

आम्ही म्हटले, गाडी नंतर बघू, आधी पोरगी. हात करून रिक्षा थांबवली. पेपर आहे म्हणताच रिक्षावाल्याने बसलेल्या माणसाला विचारले आणि तिला पुढे घेतले. ती गेली. मग आम्ही दोघांनी गाडी ढकलत एका मेस्त्रीच्या टपरीवर नेली.

मेस्त्री वयस्क माणूस. त्याने पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारले, "बाळा, शेवटचं काय बसवलंस?" पोरगा म्हणाला, "लाईट. परवाच." मेस्त्रीने चावी फिरवली. मीटरवर एकही दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. "सगळंच मेलंय म्हणजे फ्यूज," असे म्हणून त्याने डबी उघडली. फ्यूज जळला होता. डबीतलाच जादा फ्यूज लावला. चावी फिरवताच पेट्रोल पंपाचा बारीक आवाज आला. पोरगा खूष झाला आणि त्याने हँडल डावीकडे वळवले. फट्! फ्यूज पुन्हा गेला.

"बघितलंस? हँडल सरळ असताना चालतं, वळवलं की जातं. तुझी वायर मानेत दाबली गेलीय." दिवा काढून पाहिला. खरेच, जादा दिव्यांची वायर हँडलच्या मानेपाशी चिरडून आतली तांब्याची तार लोखंडाला लागत होती. ती सुद्धा चावीच्या वायरला नुसती पिळून जोडलेली, वर टेपचा तुकडा. मेस्त्रीने ती वायर तोडून बाजूला केली, उघडा भाग नीट टेपने बांधला आणि शेजारच्या दुकानातून आणलेला तसाच फ्यूज लावला. गाडी एका बोटावर सुरू झाली.

वाचकहो, यातून आपल्या घरातल्या पोरांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, सजवलेली गाडी बंद पडली तर शेवटी जे बसवले त्याच्यावर आधी संशय घ्या. ते सुटे करून पाहा. त्याआधी साध्या गोष्टी बघा. पेट्रोल आहे का, हँडलवरचा इंजिन बंद करायचा खटका चुकून दाबला गेला नाही ना, साइड स्टँड वर आहे ना. नव्या अनेक गाड्या गिअरमध्ये असताना स्टँड खाली असेल तर चालू होत नाहीत.

दुसरी गोष्ट बॅटरीची. शंभर सीसीच्या साध्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-तासाचीच असते. ४० वॅटचे जादा दिवे १२ व्होल्टवर तीन अँपिअरहून जास्त खातात. गाडी बंद ठेवून दिवे तासभर लावले की बॅटरी बसलीच समजा. स्टार्टर दाबल्यावर नुसते कटकट वाजत असेल आणि हॉर्नचा आवाज बसका येत असेल तर बॅटरी उतरली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. पेट्रोल पंप बॅटरीवर चालतो. म्हणून बॅटरी पार मेली तर नुसती किक मारून भागत नाही. जादा दिवे लावायचेच तर बॅटरीपासून वेगळी वायर, तिला वेगळा फ्यूज आणि रिले लावून घ्यावा. चावीच्या वायरवर भार टाकू नये.

तिसरी गोष्ट हवेची. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे हवेचे फिल्टर काढून उघडे फिल्टर बसवले, सायलेन्सर मोकळा केला, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे होते. थंड इंजिन लवकर धरत नाही, सायलेन्सरमधून फटाके वाजतात. प्लग काढून पाहा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते, काळा काजळलेला असेल तर जास्त होते, ओला असेल तर पेट्रोल साचले आहे. उपाय एकच, कंपनीचे फिल्टर परत बसवणे. नव्या गाडीत सायलेन्सरच्या नळीला सेन्सर असतो. तो सुटला की मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो आणि पेट्रोल जास्त जाते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. फ्यूज जळतो तो गाडी वाचवण्यासाठी. त्याला गप्प बसवले तर पुढे वायरिंग जळते, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

कायद्याचेही पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाला सोडून गाडीत बदल करायला मना करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. चार हजारांची सजावट आणि वर पाच हजारांचा दंड, हा हिशेब कुठल्या कामगाराच्या घराला परवडणार आहे?

त्या दिवशी मेस्त्रीने पोराकडून फक्त फ्यूजचे पैसे घेतले. बहीण वेळेत पोचली, पेपरही बरा गेला. संध्याकाळी पोरगा आमच्या दारात आला. "काका, आईला खरा आकडा सांगितला," म्हणाला. आई काय बोलली, ते आम्ही विचारले नाही. दुसऱ्या पेपराला ती दोघे गेली तेव्हा गाडीचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. जुना सायलेन्सर परत बसला होता.

पोरांना हौस असावी. कमावत्या पोराने दोन पैसे आपल्या आवडीला घातले तर त्यात वाईट काही नाही. पण घरातली एकच गाडी कामाला, दवाखान्याला आणि परीक्षेला सगळ्यांना नेते. ती आधी सुरू व्हावी, मग शोभावी.