एका गिऱ्हाइकाचे पीक

‘ब्लॅक करंट’ नावाच्या फळाची लागवड आपल्याकडे करता येईल काय, अशी विचारणा करणारी पत्रे अलीकडे आमच्याकडे वरचेवर येऊ लागली आहेत. शहरातील दुकानांत त्या नावाने जो जिन्नस विकला जातो त्याचा भाव पाहून दोन-चार एकरांच्या बागाईतदारास मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या पुडीत पुष्कळदा काळ्या द्राक्षांचे बेदाणेच असतात, आणि ते पिकविणारा शेतकरी कदाचित आपल्याच तासगावाकडचा असतो, हे प्रथम सांगून टाकलेले बरे.

करंट हे नाव मुळी द्राक्षाचेच आहे. ग्रीस देशातील कॉरिंथ या गावावरून ते पडले. त्या बाजूच्या वाटाण्याहून लहान, बिनबियांच्या काळ्या द्राक्षांचा वाळविलेला माल विलायतेत त्या नावाने खपत असे. पुढे उत्तर युरोपातील एका झुडपास तशीच बारीक फळे घोसाने लागतात असे पाहून लोकांनी त्यासही तेच नाव दिले. हे झुडूप थंड मुलखातले आहे. हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी मिळाल्यावाचून त्याचे डोळे नीट फुटत नाहीत व फळही धरत नाही. तेव्हा दख्खनच्या पठारावर त्याची रोपे लावणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. ज्यांस काळ्या बारीक फळाचीच हौस असेल त्यांनी बांधावर करवंद लावावे. त्यास थंडीही लागत नाही आणि राखणदारही लागत नाही. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने त्याची मोठ्या फळाची जातही काढली आहे.

लागवडीचा प्रश्न येथे संपला. परंतु लहान शेतकऱ्याने या दोन्ही करंटांच्या इतिहासापासून शिकावयाचे ते लागवडीपेक्षा निराळे आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहो.

झुडपाच्या करंटाचे पाहा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात संत्री येईनाशी झाली, तेव्हा मुलांस क जीवनसत्त्व मिळावे म्हणून सरकारने या फळाच्या लागवडीस उत्तेजन दिले व त्याचे सरबत लहान मुलांस फुकट वाटले. आज त्या देशातील काळ्या करंटाचे नव्वद टक्क्यांच्या आसपास पीक ‘रायबीना’ या एकाच सरबताकडे जाते. शेतकरी कराराने माल देतो. करार आहे तोवर त्यास झोप शांत लागते. पण करार नसेल तर तो माल न्यावयाचा कोठे, यास उत्तर नाही. अमेरिकेत तर याहून विपरीत घडले. पांढऱ्या पाइन वृक्षांस मारणारा एक तांबेरा या झुडपाच्या आश्रयाने वाढतो, म्हणून १९११ च्या सुमारास तेथील सरकारने करंटाच्या लागवडीसच बंदी केली. इमारती लाकडाचा धंदा मोठा, करंटवाल्यांचा लहान; निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे सांगावयास नको. संघराज्याची बंदी १९६६ साली उठली आणि न्यूयॉर्क संस्थानातील २००३ साली. तोपर्यंत त्या फळाची चव ठाऊक असलेली माणसेच फार थोडी उरली होती. बंदी उठली, पण गिऱ्हाईक आपसूक परत आले नाही.

आता ग्रीसचे. ही कथा आमच्या द्राक्षबागाईतदारांनी विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण नावे बदलली तर ती आपल्याकडचीच वाटेल.

ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनेसस प्रांतात हा काळा बारीक बेदाणा होत असे. वेलाच्या खोडाची साल वर्तुळाकार काढून फळ धरविण्याची युक्ती तेथील शेतकऱ्यांस ठाऊक होती. आपल्याकडेही ती नवी नाही. उन्हाळा संपता संपता घड तोडावयाचे, खळ्यावर उन्हात पसरावयाचे, आणि आकाशाकडे डोळे लावून बसावयाचे. एक सर आली की वर्षाची मेहनत कुजली. अवकाळी पावसाच्या दिवसांत बेदाण्याच्या शेडवर ज्याने रात्र काढली आहे त्यास याहून अधिक वर्णन नको.

१८७१ साली तेथील सरकारने आपल्या मालकीच्या जमिनी लहान शेतकऱ्यांत वाटल्या. थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत मुळांस लागणाऱ्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने हाहाकार उडविला. मद्यास द्राक्षे मिळेनात, तेव्हा फ्रेंच व्यापारी ग्रीसचा बेदाणा भिजवून त्याचे मद्य करू लागले. भाव चढले. ज्या उताराची जमीन पिढ्यान् पिढ्या ऑलिव्हची होती तेथील झाडे तोडून शेतकऱ्यांनी वेल लावले, धान्याची शेते मोडली, आणि खावयाचे धान्य विकत आणू लागले. व्यापारी पुढच्या पिकावर आगाऊ रकमा देत, त्या बिनदिक्कत घेतल्या गेल्या. देशाच्या एकंदर निर्यातीत निम्म्याहून अधिक किंमत या एका जिनसाची होऊ लागली. त्या शेतकऱ्यांस मूर्ख म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. त्या भावात आम्हीही वेलच लावले असते.

मग फ्रान्सने अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून आपले मळे पुन्हा उभे केले. (तशाच अमेरिकन कुळातील डॉगरिज खुंटावर आज आपल्या कित्येक बागा उभ्या आहेत, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.) मळे फळास येताच फ्रेंच शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी १८९२ साली जबर जकात बसली. १८९३ साली भाव कोसळले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रीसच्या सरकारने दिवाळे जाहीर केले. परदेशी कर्जाचा डोंगर हे त्याचे मोठे कारण होतेच, पण बेदाण्याचे उत्पन्न बुडाल्याने तो अंगावर आला. सरकारने १८९५ साली कायदा करून निर्यातीच्या मालातील ठरावीक हिस्सा रोखून धरला व तो देशातच मद्यार्कासाठी गाळला. १८९९ साली बेदाणेवाल्यांसाठी निराळी बँकही काढली. याने धाप थोडी कमी झाली. मूळ दुखणे मात्र तसेच राहिले, कारण वेल तितकेच होते आणि गिऱ्हाईक गेले होते. पेलोपोनेससच्या गावांतून तरुण माणसे अमेरिकेच्या वाटेस लागली.

आमचे मित्र म्हणतील, द्राक्ष हे एका गिऱ्हाइकाचे पीक नव्हे. खाण्याची द्राक्षे विकली नाहीत तर बेदाणा करता येतो. हे खरे, पण अर्धेच. ताज्या द्राक्षाचा भाव पडतो तो सर्वांचा एकदमच पडतो. मग सर्वचजण माल पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून रॅकवर चढवितात, आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यात बेदाण्याचे ढीग लागतात. दोन दरवाजे आहेत खरे, पण दोन्ही एकाच बोळात उघडतात. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि मानांकन हे नाव राखते, माल विकत घेत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, लहान खातेदाराच्या नव्या बागेस आपल्या संघाने कर्जाची शिफारस करण्यापूर्वी त्याच्या उरलेल्या जमिनीत काय आहे हे विचारावे. चार एकरांच्या धन्याने दोन एकरांपलीकडे द्राक्ष लावू नये, आणि कर्जाचा हिशेब सर्वांत चांगल्या वर्षाच्या भावावर न मांडता मधल्या वर्षाच्या भावावर मांडावा.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. विहीर, ठिबक, फवारणीचे यंत्र यांचा खर्च दोन एकरांस निम्मा होत नाही, आणि उरलेल्या दोन एकरांतील शाळू-हरभरा बँकेचे व्याज भरीत नाही. हे आम्हांस मान्य आहे. परंतु शाळू-हरभऱ्याने घर खाते, कडब्यावर दुभते जनावर उभे राहते, आणि भाव पडलेल्या वर्षी बेदाणा शीतगृहात सहा महिने थांबवून ठेवण्याची ताकद त्यातूनच येते. ज्याची चूल बेदाण्यावर पेटते त्यास पहिल्याच सौद्यात माल सोडावा लागतो.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आपापल्या बागेचा पाच वर्षांचा जमाखर्च घेऊन यावे. तो आमच्या म्हणण्याविरुद्ध गेला तरी, त्यांची परवानगी असल्यास, याच पानावर आम्ही छापू.