प्रस्थानापूर्वीची तुलना

परदेशी स्थायिक होण्याचा किंवा दीर्घकाळ राहण्याचा विचार करणारा मराठी माणूस निघण्यापूर्वी काही महिने एक विशिष्ट प्रकारचे गद्य निर्माण करीत असतो. बरेचदा ते कागदावर उतरत नाही. उतरलेच तर दोन रकान्यांच्या तक्त्याच्या रूपाने उतरते. डाव्या रकान्यात इथले घरभाडे, पगार, प्रदूषण, आईवडील; उजव्या रकान्यात तिथले घरभाडे, पगार, थंडी, एकटेपण. आमच्या परिचयाच्या अनेक विद्यार्थ्यांनी असे तक्ते केले आहेत आणि पैकी काहींनी ते विश्वासाने आम्हांस दाखविलेही आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी या गद्याकडे कधी गंभीरपणे पाहिलेले नाही, ही आमची तक्रार आहे.

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत आणि त्यापुढेही ही परंपरा अभ्यासक्रमांत सुखाने नांदते आहे. पण प्रवासवर्णन हे पोहोचल्यानंतरचे, किंबहुना बहुधा परतल्यानंतरचे लेखन आहे. लेखकाने दोन्ही देश पाहिलेले असतात, आणि आपण काय पाहिले याचा निवाडा त्याने शांतपणे केलेला असतो. 'अपूर्वाई'त निघण्यापूर्वीची धांदल येते खरी, परंतु ती विनोदाची सामग्री म्हणून. आणि जाणारा परत येणार हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते. निघण्यापूर्वीच्या तुलनेची स्थिती निराळी आहे. तिथे एक देश अंगावर वागवलेला असतो आणि दुसरा केवळ ऐकलेला. ही तुलना मुळातच विषम असते. 'दुरून डोंगर साजरे' असे म्हणून वडीलधारी मंडळी ती निकालात काढतात, तर 'पळसाला पाने तीनच' असे म्हणून निरुत्साही मंडळी. दोन्ही म्हणी तुलनेचा कंटाळा शिकवितात, म्हणून त्या आम्हांस फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत.

या गद्यप्रकाराचा एक उत्तम नमुना आपल्याकडे आहे आणि तो १८८३ सालचा आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे, तिथल्या बाप्टिस्ट कॉलेजच्या सभागृहात, आनंदीबाई जोशी यांनी आपल्या नियोजित अमेरिकागमनाविषयी इंग्रजीत भाषण केले. त्यांना तेव्हा अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. पती गोपाळराव तिथे टपाल खात्यात नोकरीस होते. बाईंच्या जाण्याची वार्ता पसरली होती, लोक नाना प्रश्न विचारीत होते, आणि त्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न निवडून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का जाता? परतल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? काही अरिष्ट ओढवले तर? आणि आजवर कोणा स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे?

बहुतेक मराठी वाचकांना आनंदीबाई भेटतात त्या श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीतून, आणि अलीकडच्या पिढीला २०१९ साली आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटातून. या दोन्हींत गोपाळरावांचा हट्ट ही कथेची प्रेरकशक्ती आहे. तो हट्ट ऐतिहासिक आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की आनंदीबाई म्हणजे कोणीतरी ढकलल्यामुळे पुढे गेलेली मुलगी, अशी प्रतिमा विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसते. श्रीरामपूरचे भाषण वाचले की ही प्रतिमा ढासळते. भाषणामागे गोपाळरावांचा हात असेल, अशी शंका कोणी घेईल. घ्यावी. पण त्यात जो अनुभव आला आहे तो रस्त्याने एकट्या चालणाऱ्या बाईचा आहे, आणि तो गोपाळरावांना उसना देता येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. इथे सोय नाही, असे सरसकट विधान बाई करीत नाहीत. मद्रासेस वैद्यकीय महाविद्यालय आहे, इतर इलाख्यांत सुइणीच्या कामाचे वर्ग आहेत, हे त्या आधी मान्य करतात. मग ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणारे जुन्या मताचे व काहीसे मत्सरी आहेत, असे सांगतात. आणि यानंतर तुलना एकदम संस्थांवरून रस्त्यावर येते. मुंबईत मिशनच्या शाळेत पुस्तके घेऊन जाताना लोक खिडक्यांतून डोकावीत, गाडीतून जाणारे हसत, ही कोण बाई बूट-मोजे घालून शाळेस चालली आहे, असे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. बंगालमध्ये अनोळखी बाबूलोक तुम्ही कोण, जात कोणती, कुठून आलात, कुठे चाललात, असे विचारीत. परक्याने असे प्रश्न विचारू नयेत, एवढाच शेरा मारून बाई पुढे जातात. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वर्गाचे दार आणि घराचे दार यांच्या मधल्या अंतराने दिले आहे. तिथवर चालत जाता येत नसेल तर महाविद्यालय असून नसून सारखेच.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या भाषणात अमेरिकेचे वर्णन फारसे नाही. तिथले रस्ते कसे, तिथे बायकांकडे कोणी पाहून हसते की नाही, यावर बाई काही रंगवून सांगत नाहीत. वास्तविक त्यांच्यापाशी साधन होते. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. त्यांना त्या मावशी मानीत, आणि एकमेकींच्या देशांतील चालीरीतींची देवघेव त्या पत्रांतून चाले. एवढे असूनही भाषणात त्या अमेरिकेची जाहिरात करीत नाहीत. जो देश पाहिला नाही त्याविषयी मौन, जो पाहिला त्याविषयी तपशील. प्रस्थानापूर्वीच्या तुलनेत इतका प्रामाणिक तोल आम्हांस क्वचितच आढळला आहे. आजच्या तक्त्यांत नेमके उलटे असते. न पाहिलेल्या देशाचा रकाना भरगच्च असतो, आणि आपल्या गावाबद्दल 'ट्रॅफिक', 'भ्रष्टाचार' अशी दोन-तीन नामे टाकून माणूस मोकळा होतो.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तर वकिली थाटाचे आहे. जातीबाहेर टाकायचे तर आताच का टाकीत नाही, असे बाई विचारतात. आम्ही बंगालमध्ये राहतो, जिथे एकही महाराष्ट्रीय नाही. इथे मी आपल्या आचारविचारांनुसार वागते की नाही हे कोणाला कळणार आहे? समुद्रोल्लंघनाचा बागुलबुवा या एका युक्तिवादाने अर्धा होतो. परदेश हा समुद्रापलीकडेच सुरू होतो असे नाही, त्यांच्या अनुभवाने तो केव्हाच सुरू झाला होता. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा बदल्यांचा प्रवास झालेला होता. म्हणजे बाईंच्या तुलनेत दोन देश नसून तीन आहेत : ज्या मुलखात त्या जन्मल्या तो, ज्या मुलखात त्या परक्या म्हणून राहत होत्या तो, आणि ज्या देशात जायचे तो. आज नागपूरहून बंगळुरूस आणि तेथून टोरांटोस जाणाऱ्याची हीच स्थिती असते. पण तक्त्याला रकाने दोनच असल्यामुळे मधला मुक्काम कुठेच नोंदला जात नाही.

आता या तुलनेत काय चुकले, तेही पाहिले पाहिजे. अन्यथा आमचे लिखाण चरित्रनायिकेच्या आरतीसारखे होईल. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कॅलकटा' या बोटीने निघाल्या. त्याच १८८३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजाने कादंबिनी गांगुली यांना प्रवेश दिला, आणि त्याच साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दारही स्त्रियांना उघडले. म्हणजे फेब्रुवारीत केलेली तुलना वर्षाअखेरीस शिळी झाली होती. हा बाईंचा दोष नाही. निघणारा ज्या देशाची तुलना करतो तो देश तुलना संपेपर्यंत थांबून राहत नाही, एवढाच याचा अर्थ. आमच्या पिढीतील जे लोक १९८० च्या दशकात टेलिफोनची जोडणी मिळायला लागणाऱ्या वर्षांचा हिशेब करून गेले, त्यांच्या बैठकींत तो हिशेब आजही ताज्या नाण्यासारखा चालतो.

दुसरी उणीव गंभीर आहे. सहा प्रश्नांत शरीराविषयी स्वतंत्र प्रश्न नाही. अरिष्टाचा प्रश्न आहे, पण तो धैर्याचा प्रश्न म्हणून सोडविला आहे. बाईंची प्रकृती श्रीरामपुरातच ठीक नव्हती. मी इथे राहते तशीच तिथे राहीन, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, ही प्रतिज्ञा त्यांनी केली व पाळली. त्या प्रतिज्ञेत पोशाख आणि आहारही आले. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीतली शेगडी धुराने कोंदट करी. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड उरे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली. त्या वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, त्या क्षयाने जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. श्रीरामपूरच्या भाषणाला तेव्हा चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवल्या गेल्या. ज्या देशाचे वर्णन करण्याचे बाईंनी भाषणात टाळले होते, तिथे.

बाई निघाल्या तेव्हा त्यांना आजच्या अर्थाने व्हिसा लागला नाही. पण ते अमेरिकेचे औदार्य समजू नये. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्या देशाने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. पाहुणी आणि मजूर यांच्यासाठी एकाच देशाची दारे निराळी असतात, हे तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावयाचे? आज तिथे नोकरीवर जाणाऱ्या भारतीयाला कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी प्रत्येक देशाला ७ टक्के या मर्यादेमुळे रांगेत वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. तिथले नागरिकत्व घेतले तर इथले सोडावे लागते. हे सारे कायद्याच्या भाषेत असल्यामुळे तुलनेत 'माहिती' म्हणून येते. ते आयुष्य कसे जगायचे, आईच्या आजारपणात रांग सोडून यायचे की नाही, याविषयी मात्र वाक्य सापडत नाही.

इथे पंडिता रमाबाईंचे नाव घेणे अपरिहार्य आहे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या, अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या, हिंडल्या आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत प्रसिद्ध केले. हे पाहून केलेल्या तुलनेचे पुस्तक. त्यात अमेरिकन स्त्रियांच्या संस्थांचे मनःपूर्वक कौतुक आहे आणि तिथल्या वर्णभेदावर बोटही ठेवलेले आहे. न पाहता केलेली तुलना आणि पाहून केलेली तुलना, दोघी समकालीन मराठी स्त्रियांची, एकाच देशाविषयी : एवढी जोडी जगातील कोणत्याही वाङ्मयाच्या विभागाने आनंदाने शिकवावी. आपल्याकडे रमाबाई 'प्रवासवर्णन' या शीर्षकाखाली येतात, आनंदीबाई 'चरित्र' या शीर्षकाखाली, आणि दोघींची गाठ पडत नाही. भाषण इंग्रजीत आहे, सबब ते मराठी वाङ्मयात बसत नाही, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र मराठीतच आहे, आणि भाषांतर वर्गात वाचायला कोणाची बंदी नाही.

जाता जाता एका शब्दाविषयी. परदेशी गेलेल्या नातलगाविषयी बोलताना आपण देशाचे नाव क्वचित घेतो. 'तो तिकडे असतो', 'तिकडे कसे, सगळे वेळेवर'. जुन्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, तेव्हा त्यांच्या तोंडी हेच 'तिकडे' असे. नाव न घेता धाक, आदर आणि थोडी तक्रार, तिन्ही एका अव्ययात मावत. या शब्दाने तुलना करता येत नाही, शरण जाता येते. आनंदीबाईंच्या भाषणाला मराठीत आणताना अनुवादकाने हा शब्द कटाक्षाने टाळावा, अशी आमची सूचना आहे. त्या अमेरिकेस चालल्या होत्या, तिकडे नव्हे.

येत्या सत्रात हे भाषण वर्गात लावावे आणि सोबत रमाबाईंच्या पुस्तकातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचे प्रकरण ठेवावे. परीक्षेस प्रश्न एकच पुरे : आनंदीबाईंनी निवडलेल्या सहा प्रश्नांत सातवा कोणता असावयास हवा होता, आणि तो त्यांना श्रीरामपुरात कोणी का विचारला नसेल?