वाढ मंद, तज्ज्ञ दूर. मधल्या महिन्यांचं काय?

अडीच वर्षांची मुलगी. वजन ९ किलो ८०० ग्रॅम, उंची ८३ सेंटिमीटर. तालुक्याच्या ठिकाणचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, ‘वयाच्या मानाने वाढ कमी आहे, पुण्या-मुंबईला हॉर्मोनतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या.’ तारीख मिळते दोन महिन्यांनंतरची. घरी आजी म्हणते, हिचे बाबाही लहानपणी असेच होते. शेजारच्या काकू कुठल्याशा पावडरीच्या डब्याचं नाव सुचवतात. आई रोज संध्याकाळी मुलीला दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने खूण करते आणि खूण हलत नाही म्हणून रात्रभर जागते. मुलगी काल्पनिक आहे, पण थोड्याफार फरकाने हे चित्र राज्यातल्या अनेक घरांत दिसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली; देशाचं प्रमाणही जवळपास तेवढंच. या आकड्यावर दरवेळी वाद होतो. भारतीय मुलांना परदेशी फूटपट्टी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे मापदंड ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ठरले, त्यांत भारतही होता. दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली मुलं या अभ्यासात मोजली गेली होती. चांगलं खायला मिळालं, आजारपणं कमी झाली, तर लहान वयात आपली मुलंही इतरांइतकीच वाढतात, असंच त्यातून दिसलं.

पण तिघांत एक मूल बुटकं असलेल्या राज्यात वेगळीच अडचण उभी राहते. सगळीच मुलं लहानखुरी दिसत असतील, तर त्यांतलं आजारामुळे न वाढणारं मूल ओळखायचं कसं? अंगणवाडीत ते ‘कुपोषित’ म्हणून नोंदलं जातं, घरात ‘घराण्याची चण’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही निदानं बरोबर असू शकतात. दोन्ही चुकूही शकतात.

इथे वजन आणि उंची यांचा आपापसातला मेळ बरंच काही सांगतो. अन्न कमी पडतं किंवा अंगी लागत नाही, तेव्हा आधी वजन थांबतं, उंची मागाहून. थायरॉइड किंवा वाढीचा हॉर्मोन कमी असेल तर बहुधा उलटं होतं: उंची अडते, वजन टिकून राहतं, मूल गुबगुबीत दिसतं. त्यामुळेच ते कुणाच्या नजरेत भरत नाही. ‘खात्यापित्या घरचं’ म्हणून कौतुक होत असताना मोलाचे महिने निघून जातात.

एकदाच घेतलेलं माप फारसं बोलत नाही. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटरचं बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान अनेक निरोगी मुलं वाढीच्या तक्त्यावर एखादी रेघ खाली सरकतात, कारण जन्माचं वजन आईच्या गर्भावस्थेवर अवलंबून असतं आणि नंतरची वाढ आईवडिलांकडून आलेल्या चणीकडे वळते. दोन वर्षांनंतर मात्र रेघांमागून रेघा ओलांडत खाली येणं चिंतेचं. वाढीचा वेग समजायला सहा महिन्यांच्या अंतराची दोन नीट मापं तरी लागतात. दाराच्या चौकटीवरची रोजची खूण फक्त जिवाला घोर लावते.

माप नीट घेणं ही गोष्टही वाटते तितकी सोपी नाही. दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून मोजतात, नंतर उभं करून. उभं केल्यावर तेच मूल सुमारे पाऊण सेंटिमीटर कमी भरतं. पद्धत बदलल्याची नोंद नसेल तर कागदावर वाढ थांबल्यासारखी वाटते आणि घरात विनाकारण घबराट उडते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायची आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना आहे. कागदावर ती उत्तम आहे. पण मुलांच्या हॉर्मोनविकारांचे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. त्यात अंगणवाडीची मापं अॅपमध्ये, लसीकरणाच्या वेळची माता-बाल संरक्षण कार्डावर आणि खासगी दवाखान्यातली चिठ्ठीच्या मागे! तज्ज्ञांसमोर मूल पोहोचतं तेव्हा त्यांच्या हाती येतो एकच ताजा आकडा, आणि ते सांगतात, सहा महिन्यांनी पुन्हा या. ही दुसरी प्रतीक्षा टाळता येण्याजोगी असते. जन्मापासूनची विखुरलेली मापं तारखांसह एका कागदावर उतरवली, आईवडिलांची उंची त्यावर लिहिली, तर पहिल्याच भेटीत निम्मं काम होतं.

सगळ्याच गोष्टी त्या भेटीपर्यंत थांबवायच्या नसतात. रक्ताचा हिमोग्राम, टीएसएच, मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवी, हाडांचं वय पाहण्यासाठी डाव्या हाताचा एक्स-रे या गोष्टी जिल्ह्याच्या, कित्येकदा तालुक्याच्या ठिकाणीही होतात. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मेंदूला फारसा धक्का लावत नाही. उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. बाळ सुस्त असेल, बद्धकोष्ठता असेल, बसणं-बोलणं मागे पडत असेल तर तज्ज्ञांच्या तारखेची वाट पाहत टीएसएच लांबवण्याला अर्थ नाही. वारंवार उलट्या, सकाळची डोकेदुखी, नजर अधू होणं, सतत तहान आणि लघवी, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी, पायांवर सूज, अशी लक्षणं असलेल्या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं.

डब्यातल्या पावडरींचं काय? एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. त्यांतल्या अनेकांत साखर भरपूर असते, आणि दोन पेले गोड दूध प्यायलेलं मूल जेवणाच्या ताटाकडे फिरकत नाही. त्याच पैशांत अंडी, शेंगदाणे, डाळ येते. वरणभातावर तूप जास्त घालता येतं.

त्या अडीच वर्षांच्या मुलीचं उंचीच्या मानाने वजन ठीक आहे. वयाच्या मानाने मात्र दोन्ही मापं मर्यादेच्या किंचित खाली आहेत. ती जन्मतः किती वजनाची होती, वर्षाची असताना किती उंच होती, हे कार्डावर असेल तर ती पहिल्यापासून याच रेघेवर चालली आहे की मध्येच घसरली, हे तज्ज्ञांची तारीख येण्याआधी गावच्या डॉक्टरांनाही सांगता येईल.