कुत्र्याचा कूलर, मांजराची काटकसर

गेल्या वर्षी मे महिन्यात, सकाळी साडेदहा वाजता मी आमच्या बिट्टूला खाली फिरायला नेलं. बिट्टू म्हणजे आमचा पग. वय चार वर्षं, वजन गरजेपेक्षा जरा जास्तच. माझी मीटिंग लांबली होती, म्हणून त्याची सकाळची फेरी राहिली होती. वीस मिनिटांत तो पार्किंगमध्येच बसला. जीभ जांभळट, घशातून घरघर. मला वाटलं, लाड करून घेतोय. गॅलरीतून आई ओरडली, "अगं, उचल त्याला आधी!" दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्याच्या अंगात १०६ ताप होता.

बिट्टू वाचला. पण तिथल्या बाकावर बसून मी डॉक्टरांना विचारलं होतं, "तेवढंच ऊन मलाही लागलं ना? मग मला काहीच कसं झालं नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर आज तुम्हाला सांगते. तुम्ही नागपूरला असा की इंदूर, बडोदा नाहीतर हैदराबादला, उन्हाळा काही कोणाला सोडत नाही.

आपल्या अंगभर घामाच्या लाखो ग्रंथी असतात. घाम येतो, तो उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही याच हिशोबाने. एक लिटर घाम उडून जायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे ही यंत्रणा भलतीच जोरदार आहे. कुत्र्याला मात्र घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीला. एवढ्याने काय होणार? म्हणून त्याचं सगळं काम नाक, तोंड आणि जीभ करतात. नाकाच्या आत ओल्या, पातळ पडद्यांच्या घड्या असतात. कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवतासारख्याच म्हणा ना. धापा टाकताना कुत्रा मिनिटाला ३०० च्या वर श्वास घेऊ शकतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडं पाणी वाफ होऊन बाहेर जातं.

आता कूलरची दुसरी बाजू. नागपूरच्या कोरड्या हवेत तो मस्त चालतो, मुंबईत नुसता दमट वारा फेकतो. कुत्र्याचंही तसंच होतं. म्हणून मुंबई, गोवा किंवा चेन्नईत मोबाइलवर ३४ अंशच दिसत असले तरी निर्धास्त राहू नका. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर त्याच्या जिभेवरचं पाणी उडणार कुठे?

आणि पग, बुलडॉग यांची तर आपण माणसांनीच पंचाईत करून ठेवली आहे. चेहरा गोंडस दिसावा म्हणून पिढ्यानपिढ्या निवड करून त्यांचं नाक आखूड केलं. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. ते श्वासाच्या वाटेत दाटीवाटीने बसलेलं असतं. श्वास ओढायलाच इतके कष्ट पडतात की त्या कष्टांनी अंग आणखी तापतं. बिट्टूचं घोरणं आम्हाला किती गोड वाटायचं! आता ऐकलं की पोटात गोळा येतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग जरा गरम लागलं म्हणून घाबरू नका. पण धापा थांबत नाहीत, लाळ गळतेय, चाल अडखळतेय, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसताहेत, तर आधी गार करा आणि मग गाडी काढा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा. पाणी पिंपातलं घ्या, कारण मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं ते जवळजवळ चहाचं पाणी असतं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका.

पण गंमत अशी की, हे जे पाणी कुत्रा हवेत उडवतो, तेच पाणी त्याच्या किडनीलाही हवं असतं. मांस, अंडी, डाळ असं काहीही पचवलं की शरीरात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. यकृत त्याचा युरिया बनवतं आणि किडनी तो पाण्यात विरघळवून बाहेर टाकते. म्हणजे गार राहायलाही पाणी, आणि कचरा बाहेर टाकायलाही पाणी. उन्हात फिरून आल्यावर तुमची स्वतःची लघवी गडद पिवळी होते ना? एकीकडे पाणी खर्च झालं की किडनी दुसरीकडे हात आखडता घेते.

उंटाने यातून भारी वाट काढली आहे. पाण्याची टंचाई असली की तो दिवसा घाम गाळायचंच टाळतो आणि अंग तापू देतो. पहाटे ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेलं त्याचं तापमान दुपारी ४० च्या वर जातं आणि साठलेली उष्णता रात्रीच्या थंडीत फुकटात निघून जाते. चक्क उधारी! आपल्याला एवढा चढउतार झाला तर आपण आयसीयूत असू.

मांजर काटकसरीत उंटाच्या जवळचं. आपल्या घरच्या मांजरांचे पूर्वज म्हणजे कोरड्या, वाळवंटी मुलखातली रानमांजरं. शिकारीच्या मांसात जवळपास ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे वेगळं पाणी प्यायची त्यांना फारशी गरजच नव्हती. किडनी लघवी इतकी घट्ट करते की थेंबही वाया जात नाही (तो वास उगाच नाही येत). आता अशा प्राण्याला आपण पाकिटातला कोरडा खाऊ देतो, ज्यात जेमतेम १० टक्के पाणी असतं, आणि त्याला तहान तर कुत्र्याइतकी लागत नाही. म्हणून ओलं खाणं द्या. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब.

बोका वारंवार लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद होते. मग अडकलेला कचरा आणि पोटॅशियम रक्तात चढतं आणि हृदयच बंद पडू शकतं. बद्धकोष्ठ असेल म्हणून घरी तूप चाटवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

गॅलरीतल्या कबुतरांचा पांढरा सडा पाहून चिडता ना? तो पांढरा भाग म्हणजे त्यांची लघवीच. पक्षी युरियाऐवजी युरिक ॲसिड बनवतात आणि ते फारसं पाणी न वापरता पेस्टसारखं बाहेर टाकतात. पालीच्या लेंडीला पांढरं टोक असतं तेही त्याच कारणाने. कचऱ्यात वाचवलेलं पाणी पक्ष्यांना उन्हात कामी येतं, कारण त्यांना घाम येतच नाही. दुपारी चोच उघडून, गळा थरथरवत बसलेलं कबूतर दिसलं तर तोही एक कूलरच चालू आहे असं समजा.

त्यांच्यासाठी पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवा, आत विटेचा तुकडा टाका म्हणजे चिमण्यांना पाय टेकता येतील. उन्हाने खाली पडलेला पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हवेशीर खोक्यात, अंधाऱ्या गार जागी ठेवा आणि पक्षीमित्रांना फोन करा. आणि भांड्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागतील.