हा बिल्ला कोणी दिला?

सोनेरी मुलामा, मध्यभागी गरुड किंवा राज्याची मुद्रा, भोवती निळी पट्टी, मागे कमरेच्या पट्ट्याला अडकवायची चामडी चौकट. चार पावलांवरून पाहणारा कोणीही म्हणेल, पोलीस आला. अगदी जवळ जाऊन वाचले, तरच पट्टीवरची अक्षरे लागतात: 'कन्सील्ड वेपन्स परमिट'. या माणसाला अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा बिल्ला त्याला कोणत्या शेरीफने दिलेला नाही, कोणत्या कायद्याने मागितलेला नाही, कोणत्या शपथेनंतर तो छातीवर लागलेला नाही. डॉलर मोजले आणि टपालाने घरी आला. सरकारने दिलेला खरा परवाना म्हणजे पाकिटात राहणारे एक साधे कार्ड. ज्याच्याकडे ते कार्डही नाही, त्याच्या हातीही हा बिल्ला सहज पडतो.

अमेरिकेतल्या पिस्तूल परवानाधारकांनी असे बिल्ले बाळगावेत काय, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद घातला जातो. वादाला मुळी जागाच नाही. हा बिल्ला म्हणजे उघड उघड तोतयेगिरी आहे, आणि ती विकून पैसा करणारे व कमरेला लावून मिरवणारे, दोघेही समाजाचे अपराधी आहेत.

आम्ही हे शस्त्रांच्या तिरस्काराने लिहीत नाही. 1878 च्या शस्त्रकायद्याने परक्या सरकारने या देशाला निःशस्त्र केले, तेव्हा त्या अपमानाचा संताप ज्या भाषेतल्या वृत्तपत्रांनी मांडला, त्याच भाषेत आम्ही लिहीत आहोत. स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही मानतो. पण जीव वाचवण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार वेगळा. परवाना पहिली गोष्ट देतो. बिल्ला दुसरी गोष्ट चोरतो.

बिल्ल्याच्या कैवाऱ्यांची एक बाजू मात्र ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यामागे खरे रक्त सांडलेले आहे. 21 जून 2021 रोजी कोलोरॅडोतील अरवाडा गावच्या चौकात एका बंदूकधाऱ्याने पोलीस अधिकाऱ्याला ठार मारले. जवळच असलेल्या एका नागरिकाने स्वतःचे पिस्तूल काढून त्या खुन्याला लोळवले. मग त्याने खुन्याची रायफल उचलली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. ना ललकारले, ना हत्यार टाक म्हटले. गावाला वाचवणारा माणूस गावाच्याच पोलिसाच्या हातून मेला. कैवारी विचारतात: त्याच्या कमरेला बिल्ला चमकला असता तर?

इथेच युक्तिवादाचे घोडे पेंड खाते. त्या पोलिसाला दिसली ती हातातली रायफल. जिथे गोळ्या सुटत आहेत आणि निमिषार्धात निर्णय होतो आहे, तिथे कमरेवरचे दोन-तीन इंचांचे धातूचे पान कोण वाचत बसतो? आणि पोलीस खरोखरच त्यावर विश्वास ठेवू लागले, तर उद्या शाळेत, मॉलमध्ये, प्रार्थनास्थळात घुसणारा प्रत्येक माथेफिरू आधी तोच बिल्ला मागवून घेईल. म्हणजे बिल्ल्यावर विश्वास ठेवला नाही तर तो निरुपयोगी, आणि ठेवला तर खुन्याच्या हाती कोलीत.

खरा बिल्लासुद्धा वाचवत नाही, याचा पुरावा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सांडलेला आहे. 28 मे 2009 च्या रात्री पूर्व हार्लेममध्ये ड्यूटी संपवून निघालेला एक तरुण कृष्णवर्णीय पोलीस साध्या कपड्यांत, हातात पिस्तूल घेऊन, आपली गाडी फोडणाऱ्याच्या मागे धावत होता. साध्या वेशातल्याच दुसऱ्या पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. उपचारासाठी सदरा कापला, तेव्हा आत पोलीस अकॅडमीचा टी-शर्ट दिसला आणि खिशात बिल्ला सापडला. खरा, सरकारने दिलेला बिल्ला! पुढे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी नेमलेल्या समितीने 2010 मध्ये अशा घटनांचा धांडोळा घेतला. ड्यूटीवर नसताना सहकाऱ्यांच्याच गोळीला बळी पडलेले पोलीस बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते, हे त्यातून जगापुढे आले. धातूच्या तुकड्यावर भिस्त ठेवता येत नाही हे त्या शहराच्या पोलिसांना पक्के माहीत आहे. म्हणूनच साध्या वेशातल्या शिपायांना एकमेकांची ओळख पटावी यासाठी त्यांनी 'आजचा रंग' ठरवण्याची पद्धत ठेवली. जिथे पोलीसच पोलिसाच्या बिल्ल्यावर विसंबत नाहीत, तिथे टपालाने आलेल्या बिल्ल्याची काय कथा?

आणि फिलँडो कॅस्टिलचे काय? 6 जुलै 2016 रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्समध्ये पोलिसाने त्याची गाडी थांबवली. तो शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा कृष्णवर्णीय माणूस, वय 32. त्याच्याकडे पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे, हे त्याने स्वतः होऊन, नम्रपणे, अधिकाऱ्याला सांगितले. काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. कायद्याने सांगितलेले सारे कॅस्टिलने केले होते. त्याच्या कमरेला बिल्ला असता, तर तो दाखवायलाही त्याला कमरेकडेच हात न्यावा लागला असता, आणि त्याच हालचालीला पोलीस घाबरला होता. कॅस्टिलचा जीव घेतला तो वर्दीतल्या माणसाच्या भीतीने आणि त्या भीतीत मुरलेल्या वर्णद्वेषाने. तो रोग पोलीस खात्यात आहे आणि औषध तिथेच दिले पाहिजे. ते कष्टाचे काम टाळून परवानाधारकाच्या कमरेला पितळ लटकवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता या बिल्ल्याचा खरा उपयोग कशासाठी होतो, ते पाहा. ज्याला फक्त जीव वाचवायचा आहे, त्याला तो लागतच नाही. शस्त्र लपवून बाळगण्याची सारी युक्ती ते कोणाला दिसू नये यात आहे. कमरेला झळकणारा बिल्ला तर जगाला ओरडून सांगतो की इथे पिस्तूल आहे. बंदुकीचे शिक्षण देणारे जाणते प्रशिक्षकच शिष्यांना यापासून दूर राहायला सांगतात. म्हणजे बिल्ला हवा असतो तो दुसऱ्यावर रुबाब गाजवण्यासाठी. पार्किंगमध्ये कोणाला दरडावायला, गल्लीतल्या अनोळखी पोराला अडवायला, 'तू इथला नाहीस, इथे काय करतोस' असे विचारायला.

तो प्रश्न विचारणाऱ्यांनी अमेरिकेत काय करून ठेवले आहे? 2012 मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्डमध्ये वस्तीच्या गस्तीचा पहारेकरी झालेल्या एका परवानाधारकाने सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनचा पाठलाग केला. पोरगा नि:शस्त्र होता. तो मेला, आणि मारणारा सुटला. 2020 मध्ये जॉर्जियात धावायला निघालेल्या कृष्णवर्णीय तरुणाला तिघांनी गाडीने घेरून ठार केले. नागरिकाला अटकेचा अधिकार देणारा 1863 चा जुना कायदा त्यांनी ढालीसारखा पुढे केला. तो कायदा रद्द करायला जॉर्जियाला 2021 उजाडावे लागले. आणि 22 फेब्रुवारी 2017 ची कॅन्ससमधील ओलाथची रात्र तर आपल्या लोकांनी विसरू नये. बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय अभियंत्यांना एका गोऱ्याने त्यांच्या व्हिसाबद्दल जाब विचारला. परत येऊन गोळ्या झाडल्या. त्यांपैकी हैदराबादचा एक तरुण गेला. व्हिसा विचारण्याचा अधिकार त्या माणसाला कोणी दिला होता? कोणीच नाही. यांपैकी कोणाच्याही बाबतीत बिल्ल्याचा प्रश्न आला नाही, मग ज्याच्या कमरेला बिल्ला आहे, त्याचा माज कुठवर जाईल?

पोलिसाच्या रूपावर माणूस विश्वास टाकतो आणि तिथेच दगा होतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. 'पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा' म्हणणाऱ्या तोतया पोलिसांनी आपल्याकडच्या किती वृद्ध बायकांचे मंगळसूत्र नेले, ते पोलीस ठाण्यांच्या नोंदीत पाहावे. पण अमेरिकेत तोतयाच्या हाती पिस्तूल असते. 14 जून 2025 च्या पहाटे मिनेसोटात पोलिसाचा वेष करून, पोलिसासारखी गाडी घेऊन आलेल्या माणसाने दार ठोठावले. मेलिसा हॉर्टमन, राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या माजी सभापती, आणि त्यांचे पती यांना त्याने घरातच ठार मारले. त्याच पहाटे त्याने एका सिनेटरला व त्यांच्या पत्नीला गोळ्या घातल्या होत्या. त्याच वर्षी इमिग्रेशन खात्याचे खरे अधिकारी मुखवटे घालून लोकांना उचलू लागले, आणि कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. खरा अधिकारी तोंड लपवतो आणि खोटा अधिकारी बिल्ला मिरवतो, अशा देशात सामान्य माणसाने दार कोणाला उघडावे?

आणि हा बाजार आकसणार नाही, वाढणारच. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची परवान्यासाठीची 'खास कारण दाखवा' ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी मोडून काढली. तिच्यासोबत न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया येथील तशाच अटी ढासळल्या. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी कुटुंबाच्या शेजाऱ्याला जो परवाना पूर्वी मिळणे जवळजवळ अशक्य होते, तो आता रीतसर मिळतो. एकोणतीस राज्यांत तर परवान्याचीही गरज उरलेली नाही. टेक्सासने 1 सप्टेंबर 2021 पासून ती उठवली. तिथे ज्यांना परवाना हवाच असतो, त्यांचे वर्गातले शिक्षण चार ते सहा तासांचे. पोलिसाला त्याच राज्यात सातशेहून अधिक तास घासावे लागतात, आणि तरीही तो चुकतो. चार तासांच्या माणसाला सातशे तासांच्या माणसाचे चिन्ह घालू देणे हा कोणता न्याय?

कायद्याची हत्यारे आहेत, ती वापरणारे हात नाहीत. पोलीस असल्याची बतावणी अमेरिकेत सर्वत्र गुन्हा आहे. सामान्य समजूतदार माणूस फसेल असा पोलिसासारखा बिल्ला वापरणे, बनवणे आणि विकणे, तिन्ही कॅलिफोर्नियाने दंडनीय ठरवले आहे. इतर अनेक राज्यांत बिल्ल्यावर 'परमिट' हा शब्द कोरला की विक्रेता हात झटकतो. आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ही पळवाट बुजवावी, विक्रेत्याला जबर दंड करावा, आणि परवान्याच्या कार्डावरच ठळक छापावे की याने पोलिसाचा कोणताही अधिकार मिळत नाही. निरपराध माणसांवर चालणाऱ्या पोलिसांच्या गोळ्या थांबवायच्या असतील, तर पोलिसांना शिकवा, त्यांच्यावर खटले भरा.

तिकडच्या मराठी बांधवांना आणि भगिनींना आमची विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी पिस्तूल घेतले असेल, तर तो तुमचा कायदेशीर निर्णय, पण हा बिल्ला घरात येऊ देऊ नका आणि मुलाच्या हौसेखातरही मागवू नका. रस्त्यात कोणी साध्या कपड्यांतला माणूस बिल्ला दाखवून अडवू लागला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, उजेडात आणि माणसांत थांबा आणि 911 ला फोन लावून हा अधिकारी खरा आहे का, ते विचारा. तुमच्या राज्याच्या प्रतिनिधीला पत्र लिहा. तुम्ही तिथे कर भरता, अनेकजण मतदान करता. तुमच्या पत्राची दखल त्याला घ्यावीच लागेल.