पडद्यावरचे साठ तास

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कटकचा भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना पाहणारी असंख्य घरे एकाएकी वृत्तवाहिन्यांकडे वळली. कुलाब्यात टोळीयुद्ध भडकले आहे, अशी पहिली वार्ता होती. तिचे खरे स्वरूप कळले तेव्हा मुंबईवर सागरी मार्गाने आलेल्या दहा पाकिस्तानी दहशतवाद्यांचे आक्रमण सुरू झालेले होते. २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत देश दूरचित्रवाणीसमोर खिळून राहिला.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. इमारतीतील चार-पाच जण दुसरी पाळी आटोपून दक्षिण मुंबईतून परतायचे होते आणि त्यांचे दूरध्वनी लागत नव्हते. आमच्याकडे जमलेल्या आयाबहिणींना एवढेच जाणून घ्यायचे होते, की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून गाड्या सुटत आहेत की नाहीत. पडद्यावर मात्र ताजचा घुमट जळत होता. पुन्हा पुन्हा तोच. शेवटी तळमजल्यावरच्या आजी कळवळून म्हणाल्या, "अहो, ते हॉटेल पुरे, आमचं स्टेशन दाखवा की!"

आजींच्या त्या उद्गारात वृत्तवाहिन्यांची सारी समीक्षा आली. एकूण १६६ निरपराध व सुरक्षा कर्मचारी त्या हल्ल्यात गेले. त्यांपैकी पन्नासहून अधिक एकट्या त्या स्थानकात पडले. गावी निघालेली, गाठोड्यांवर बसलेली साधी माणसे. तेथील उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सावध करून कित्येकांचे प्राण वाचवले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठीच्या आधारे कसाबला भिडून त्याच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली. तो जिवंत हाती लागला म्हणूनच पाकिस्तानचा हात नाकारणे कुणाला शक्य झाले नाही. या दोन्ही क्षणी तेथे थेट प्रक्षेपण नव्हते.

कॅमेऱ्याशी आपले वैर असण्याचे कारण नाही. वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसुझा जीव धोक्यात घालून स्थानकात शिरले. त्यांनी टिपलेला कसाब पुढे न्यायालयात पुरावा ठरला. परंतु २८ नोव्हेंबरच्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान आपण सर्वांनी घरबसल्या पाहिले, तसे ते सीमेपलीकडूनही पाहिले जात होते. कराचीत बसलेले सूत्रधार पडदा पाहून आपल्या हस्तकांना दूरध्वनीवर सूचना देत होते. त्याच इमारतीतील कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह यांना हौतात्म्य आले.

प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष कुणाचा प्राण गेला का, हे निश्चित सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात प्रामाणिकपणे नोंदवले. मात्र जवानांचे काम त्यामुळे अधिक धोक्याचे झाले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल त्यासाठी पुढे करता येणार नाही, हेही न्यायालयाने तितक्याच स्पष्टपणे सुनावले. तरी दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी करणारा नियम यायला २०१५ साल उजाडले. नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवावी, असे तो नियम सांगतो.

नियमाने सवय मात्र मोडत नाही. वाहिनी तेच दाखवते, जे घराघरांत पाहिले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ संपादकांचा नाही, तो आपल्या बैठकीच्या खोलीचाही आहे. कारवाई चालू असताना संच बंद करून शेजाऱ्यांची विचारपूस करणे, रक्तपेढी गाठणे, ही कामे कुणालाही करता येतात.

पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये वाहिन्यांना याच नियमाची सरकारला पुन्हा आठवण करून द्यावी लागली. मे महिन्यात तर 'ऑपरेशन सिंदूर' चालू असताना कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या रात्रभर झळकल्या. हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमांत वाजवू नका, हेसुद्धा वाहिन्यांना लेखी कळवावे लागले. जो आवाज ऐकताच सीमाभागातील नागरिकाने मुलाबाळांसह आसरा गाठायचा, तो त्या दिवसांत पार्श्वसंगीत म्हणून घरोघर वाजत होता.